ब्रॉड स्टँड बाद, आणि सुरुवातीची वेळही बदलली

शनिवारी मी बॉब ग्रॅहम फेरीला निघतोय: इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधली 42 शिखरं 24 तासांच्या आत पळत पुरी करायची. त्यातली ब्रॉड स्टँडची कातळवाट बाद. मिकलडोरच्या खिंडीत दोर लावून थांबणार होता त्या मित्राचा घोटा दुखावलाय. शनिवार इतका तोंडावर आला असताना त्याच्याइतका भरवशाचा माणूस नव्यानं शोधणं शक्य नाही, आणि पेसरपैकी (सोबत पळणाऱ्या साथीदारांपैकी) कुणाला तिथं पुढं पाठवायचं तर मी शिखरं गाठल्याच्या साक्षीला कोण? गेल्या वेळी तिसऱ्या लेगचं (डनमेल ते वासडेल या टप्प्याचं) जे गणित मांडलं होतं ते सगळं त्या दोरावर उभं होतं. ते आता मुळापासून पुन्हा करावं लागतंय.

जागा तुम्हाला माहीतच आहे. स्कॅफेल पाइक (978 मीटर) आणि स्कॅफेल (964 मीटर) समोरासमोर उभे, पण मधल्या खिंडीतून स्कॅफेलकडे निघालं की कातळच आडवा येतो. ब्रॉड स्टँड ही त्यातली सगळ्यात जवळची वाट. आधी फॅट मॅन्स अ‍ॅगनीच्या चिरेतून अंग आडवं करून घुसायचं, मग तो उतरत्या कातळावरचा कोपरा. वरून दोर असेल तर काही मिनिटांचं काम. तेरा तास पळून आलेल्या पायांनी, दोराशिवाय, मी तो कोपरा चढणार नाही. कातळ कोरडा असला तरी नाही.

मग उरतात दोन वाटा: लॉर्ड्स रेक आणि फॉक्सेस टार्न (टार्न म्हणजे डोंगरातलं छोटं तळं). रविवारी दोन्ही वाटा एकापाठोपाठ एक करून पाहिल्या, नेमकी गच्च क्लॅगमध्ये, म्हणजे माथ्यावर उतरलेल्या धुक्यात. लॉर्ड्स रेकला वासडेलच्या बाजूनं कड्याच्या पायथ्याशी उतरायचं, घसाऱ्याची घळ चढायची आणि डावीकडे वेस्ट वॉल ट्रॅव्हर्सनं वर निघायचं. वर अडकलेला तो मोठा धोंडा 2016 मध्ये कोसळून गेला, तरी घळीतला घसारा अजून हलता आहे. एकट्यानं ठीक, पण चौघंजण एकामागोमाग चढताना पुढच्याच्या पायाखालून सुटलेला दगड मागच्याकडेच येतो. ट्रॅव्हर्स मात्र सुंदर आहे. स्कॅफेलच्या कड्यांच्या इतक्या जवळून जाणारी दुसरी वाट मला माहीत नाही, आणि एरवी मी तीच निवडली असती.

फॉक्सेस टार्नला एस्कडेलच्या बाजूनं बरंच खाली उतरावं लागतं. कमावलेली उंची अशी सोडून देताना जिवावर येतं. पण पुढची घळ ओली असली तरी दगड पक्के आहेत, आणि वाट चुकण्याचा प्रश्नच नाही: पाण्याची धार धरून टार्नपर्यंत, तिथून तुडवलेला चढ थेट माथ्याकडे. दोन्हींच्या वेळेत दोन-तीन मिनिटांचाच फरक पडला. दमलेल्या पायांना हलत्या घसाऱ्यापेक्षा ओले पण घट्ट दगड केव्हाही बरे. फॉक्सेस टार्न ठरलं.

दोराच्या हिशोबापेक्षा इथं साधारण 12 मिनिटं जास्त जातात. आकडा किरकोळ वाटतो. पण बॉब ग्रॅहमनं 1932 मध्ये 42 शिखरांची ही फेरी 23 तास 39 मिनिटांत पुरी केली, म्हणजे हातात उरली होती 21 मिनिटं. अशा दिवशी निम्म्याहून जास्त शिल्लक एका खिंडीत संपली असती. माझं शेड्यूल साडेबावीस तासांचं आहे, तेव्हा घाबरायचं कारण नाही. पण पुढं किर्क फेलच्या चढावर वेळ कसा हातातून जातो ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

यातली काही मिनिटं पाण्यात परत मिळतील असं दिसतंय. पेसर रॉसेट खिंडीपासून भरलेल्या बाटल्या वासडेलपर्यंत वाहणार होते. फॉक्सेस टार्नच्या घळीत पाणी आहे, तर एवढं ओझं कशाला? ग्रेट एंडपासूनच्या त्या धोंड्यांच्या राड्यात हलकी पाठ खूप मोलाची.

आणि हे लिहिताना आता लक्षात येतंय की रात्री एकची सुरुवात ठेवायचं कारणच उरलं नाही. ती वेळ एवढ्यासाठी होती की ब्रॉड स्टँडला पोचेपर्यंत दुपार व्हावी आणि कातळ वाळावा. फॉक्सेस टार्न ओलं असलं काय नि कोरडं असलं काय! मग संध्याकाळी सहाला केसिकच्या मूट हॉलवरून का निघू नये? ब्लेनकॅथ्राहून हॉल्स फेलची धार संधिप्रकाशात उतरून होईल. ती पाटीच्या दगडाची धार बॅटरीच्या उजेडात मला नकोच होती. थ्रेलकेल्ड दहाला. रात्रीचा काळोख डॉड्स डोंगरांच्या गवताळ पाठीवर, जिथं होकायंत्राचं बेअरिंग धरून पळत राहता येतं. डनमेल रेज अडीचच्या आत, सार्जंट मॅनला उजाडायला लागेल, स्कॅफेल साडेसातच्या सुमारास, आणि यूबॅरोचा तो उभा चढ दुपारऐवजी सकाळच्या गारव्यात. रॉबिन्सनवरून शेवटचा उतार लख्ख उजेडात. मला हे फारच आवडलंय. दुसऱ्या लेगच्या दोन्ही पेसरना आत्ताच निरोप टाकला, एकाचा होकार आलासुद्धा.

अडचण एकच, अंधाराचे तास वाढले. हेडटॉर्चची जादा बॅटरी मागवली होती, तर दुकानानं दुसऱ्याच मॉडेलची पाठवली आणि बदलून द्यायला पुढचा आठवडा सांगितला. ऐन हंगामात हे फार त्रासदायक आहे. दोरवाल्या मित्राकडे तोच टॉर्च आहे. त्याची बॅटरी डनमेलला ठेवतोय. घोटा बांधून तो तिथं चहा करायला येणार आहे, याचा मला दोराइतकाच आधार वाटतो.

रविवारची सगळ्यात आनंदाची गोष्ट राहिलीच: बोफेलवरची बिलीज रेक! रॉसेट पाइकवरून उतरलो तेव्हा वीस पावलांपलीकडचं दिसत नव्हतं, तरी रेकचं तोंड थेट सापडलं आणि ती तिरपी वाट कुठंही न तुटता वर घेऊन गेली. त्या भागासाठी हार्वेचाच नकाशा घ्या. त्यात खडकाळ भागातल्या समोच्च रेषा करड्या रंगात असतात, त्यामुळे गवत कुठं संपतं ते एका नजरेत कळतं. 1:25,000 च्या ऑर्डनन्स सर्व्हेवर कातळाच्या खुणांची एवढी गर्दी आहे की दमलेल्या डोळ्यांना त्यातून काही निवडता येत नाही.

खोल गुट्ट्यांचे बूट डनमेलपर्यंतच. पुढं खडकावर ते डगमगतात, तिथं बदलणार. थंड राइस पुडिंग आता बाराव्या तासानंतरही पोटात टिकतंय. कसल्याही एनर्जी जेलनं हे साधलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारचा अंदाज पाहून अंतिम ठरवीन. माथ्यावर फार जोराचा वारा दिसला तर पुढचा शनिवार, नाहीतर सहाला मूट हॉल. चौथ्या लेगला अजून एक पेसर हवाय, वासडेलला सकाळी आठच्या आधी पोचू शकणारा. स्टीपल शिखरावरची ये-जा माहीत असलेला कुणी असेल तर आजच कळवा.