व्हायरल तापातून ब्लड कॅन्सर होतो का?

मुलाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, निघाला की आईबाबा मागचे ताप मोजायला बसतात. दोन महिन्यांपूर्वीच्या व्हायरलमधून झालं का? बहुतेकदा क्रम उलटा असतो. अस्थिमज्जेत कच्च्या पेशी, म्हणजे ब्लास्ट, दाटले की जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल्सना जागा उरत नाही, म्हणून ताप येत राहतो.

तरी संसर्गाचा धागा आहेच. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा ल्युकेमिया, एएलएल (अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया), 2 ते 5 वर्षांच्या वयात जास्त दिसतो. ब्रिटिश संशोधक मेल ग्रीव्ह्ज यांच्या मांडणीनुसार त्यासाठी दोन धक्के लागतात. पहिला बऱ्याचदा आईच्या पोटातच बसतो: इटीव्ही6 आणि रंक्स1 ही जनुकं तुटून एकमेकांना चिकटतात. पुढे आजारी पडलेल्या मुलांच्या जन्मावेळच्या, टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या वाळलेल्या ठिपक्यांत ही खूण सापडली आहे. साधारण शंभरात एक बाळ ती घेऊन जन्मतं, आणि अशा शंभरातल्या सुमारे एकालाच आजार होतो. दुसरा धक्का जन्मानंतरचा. पहिल्या वर्षात किरकोळ संसर्ग कमी झाले, तर पुढच्या साध्या संसर्गालाही प्रतिकारशक्ती अतिरेकी उत्तर देते आणि त्या गडबडीत डीएनए चुकीच्या जागी कापला जातो. लहानपणी पाळणाघरात गेलेल्या मुलांत धोका थोडा कमी दिसतो, तो याच्याशी जुळतो. एएलएलचा असा एकच विषाणू मात्र सापडलेला नाही, आणि हा आजार भावंडांना 'लागत' नाही.

विषाणूचा थेट हात दिसतो तो बर्किट लिम्फोमात, म्हणजे लिम्फ पेशींच्या एका कॅन्सरमध्ये. 1964 मध्ये एपस्टाईन, आचोंग आणि बार यांना आफ्रिकेतल्या मुलांच्या गाठींतून वाढवलेल्या पेशींत ईबीव्ही (एपस्टाईन-बार विषाणू) दिसला. हा विषाणू जगातल्या बहुतेक मोठ्या माणसांत निमूट पडून असतो. आफ्रिकेत त्याला मलेरियाची जोड मिळते.

आता कामाचं. डेंगीच्या दिवसांत प्लेटलेट्स कमी आल्या की सगळे डेंगीच धरतात. पण ताप आठवड्यापलीकडे लांबला, मूल पांढरंफटक पडलं, लंगडू लागलं, हाडं दुखतात म्हणून रात्री रडू लागलं किंवा न आपटता निळे डाग उठले, तर सीबीसीसोबत (रक्तपेशींची मोजणी) पॅथॉलॉजिस्टने पाहिलेला स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेलं रक्त, मागा. मशीन ब्लास्टना कधी लिम्फोसाइट, म्हणजे साध्या पांढऱ्या पेशी, म्हणून मोजतं.

त्याआधी डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन नको. स्टेरॉइडने ब्लास्ट तात्पुरते विरघळतात, दुखणं थांबतं, निदान लांबतं आणि धोक्याचा गट (ज्यावरून उपचार किती कडक ते ठरतं) ठरवणंही चुकतं. दिलं गेलंच असेल, तर गोळीची पट्टी, डोस आणि तारखा तज्ज्ञांना दाखवा.