तुम्ही विचारलंत म्हणून: श्रीलंकेचे चहामळे कशाला?

“मॅडम, पायोरियाचा विषय निघाला की तुम्ही दर वेळी श्रीलंकेच्या चहामळ्यांवर का जाता?” विद्यार्थी विचारतात, सोबतचे दंतवैद्यही विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

उपचार मिळाले नाहीत तर हिरड्यांचा आजार कसा वाढत जातो, हे जगाला मुख्यतः तिथल्या मजुरांमुळे कळलं. नॉर्वेचे दंतसंशोधक हॅराल्ड लोए यांच्या पथकाने 1970 साली 480 पुरुष मजूर तपासायला घेतले, वयं 14 ते 31. त्यांना दात घासणं माहीत नव्हतं, दंतवैद्य कधी भेटला नव्हता. अभ्यासाला नेमकी अशीच माणसं हवी होती. तुलनेला नॉर्वेच्या राजधानीतले, ऑस्लोतले उच्चशिक्षित पुरुष, लहानपणापासून दातांची नियमित काळजी मिळालेले. 15 वर्षांनी दिसलं ते असं: सुमारे 8 टक्के मजुरांचा आजार झपाट्याने वाढला, 81 टक्क्यांचा मध्यम गतीने, 11 टक्क्यांचा हिरड्यांच्या सुजेपुढे गेलाच नाही. त्या 8 टक्क्यांचे 45व्या वर्षापर्यंत सगळे दात गेले. किडीने नव्हे, कीड त्यांना जवळपास नव्हतीच.

मला झोंबतात ते 81 टक्के. इतक्या सावकाश चाललेली झीज किटण काढून आणि ब्रश हातात देऊन पुष्कळ रोखता आली असती. पाठ्यपुस्तकं त्यांच्या तोंडांवरून लिहिली गेली. पुढे संशोधनाची हौस आणि पैसा हिरडीखाली बसवून हाड वाढवणाऱ्या पडद्यांकडे, जनुकांकडे वळला. मळ्यावर किंवा ऊसतोडीच्या फडावर स्केलिंग, म्हणजे किटण काढणं, कुणी करायचं, यावर कुणाचं नाव होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022च्या अहवालानुसार हिरड्यांच्या गंभीर आजाराचे रुग्ण 100 कोटींहून जास्त आहेत, आणि तोंडाच्या आजारांचे चारांतले तीन रुग्ण मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात.

आमच्याकडे मिश्री लावणाऱ्या मावशी येतात आणि म्हणतात, “काढूनच टाका ओ दात.” त्यांचा हिशेब बरोबर आहे. दात एका खेपेत निघतो. हिरड्यांना तीन-चार खेपा, दर खेपेला एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज. खरं तर सगळ्या तोंडाची खोल सफाई एका दिवसात उरकली तरी टप्प्याटप्प्याने केल्याइतकाच गुण येतो, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. मग शिबिरात त्यांना त्याच दिवशी खुर्चीत बसवून ती का करत नाही, हे मी सहकाऱ्यांना विचारत असते.