अलार्मचा कीपॅड बदलला, टेक्निशियनला न बोलावता

आमच्या न्यू जर्सीच्या घरात पुढच्या दाराशी जो अलार्मचा कीपॅड आहे त्याचं १ नंबरचं बटण गेल्या हिवाळ्यापासून लागतच नव्हतं. बाकीची सगळी बटणं ठीक. आता कोणी म्हणेल एका बटणावाचून काय अडतंय, पण ज्यांच्याकडे व्हिस्टा पॅनल (हनीवेलची घरगुती अलार्म सिस्टिम) आहे त्यांना लगेच कळेल, कोड टाकून १ दाबलं की अलार्म ऑफ, २ म्हणजे अवे (सगळे बाहेर जाताना लावायचा), ३ म्हणजे स्टे (घरात असताना लावायचा). म्हणजे बाहेर जाताना अलार्म मजेत लागतोय आणि परत आल्यावर बंद मात्र करता येत नाहीये. ग्रोसरीच्या पिशव्या दारात टाकायच्या आणि ती टीं-टीं संपायच्या आत बर्फाच्या बुटांसकट जिना चढून बेडरूममधल्या दुसऱ्या कीपॅडकडे पळायचं. बायकोने शेवटी अलार्म लावणंच सोडून दिलं. त्यात भारतात जायची तिकिटं काढलेली, घर महिनाभर बंद राहणार.

मॉनिटरिंगवाल्यांना, म्हणजे अलार्म वाजला की ज्यांच्याकडे सिग्नल जातो त्या कंपनीला, फोन केला तर म्हणे सिस्टिम फार जुनी आहे, सगळीच नवीन बसवू, वर नवं कॉन्ट्रॅक्ट. अहो, एक बटण गेलंय! आणि त्यात बनवणाऱ्याचाही दोष नाही. घर बांधलं तेव्हापासून रोज तेच बटण दाबलं जातंय, आतल्या रबराखालचा कार्बनचा ठिपका झिजणारच.

एक गोष्ट कळली की या कामाची भीती जाते. कीपॅडमध्ये अक्कल काहीच नसते. तो टीव्हीच्या रिमोटसारखा, नुसती बटणं आणि स्क्रीन. कोड, झोन (कुठला सेन्सर कुठल्या दाराचा किंवा खिडकीचा), सायरन किती वेळ वाजवायचा, हे सगळं बेसमेंटमधल्या त्या पत्र्याच्या डब्यातल्या बोर्डात, म्हणजे पॅनलमध्ये, असतं. त्यामुळे कीपॅड काढून फेकला तरी कोड पुसला जात नाही.

विकत घेताना मात्र जुन्याच्या मागचं लेबल वाचा. आमचा साधा ६१६० मॉडेलचा निघाला. त्याचाच ६१६०आरएफ म्हणून भाऊ आहे, त्यात वायरलेस रिसीव्हर आतच असतो. तुमच्याकडे तो असेल आणि स्वस्त पडतो म्हणून साधा आणून लावलात, तर खिडक्यांचे वायरलेस सेन्सर सगळे मुके होतील. ६१५० पण मिळतो पण त्यावर झोनची नावं दिसत नाहीत, मला तो आवडत नाही, कुठलं दार उघडंय ते नंबरावरून कोण लक्षात ठेवणार.

आता खरी गोम, अ‍ॅड्रेस, म्हणजे पॅनलने कीपॅड ओळखायचा नंबर. आमच्यासारख्या पॅनलवर असे आठ कीपॅड बसतात आणि त्यांना १६ ते २३ असे अ‍ॅड्रेस असतात. पहिला १६, तो कायम चालू. १७ पासून पुढचे पॅनलच्या प्रोग्रॅमिंगमध्ये चालू करावे लागतात. नवीन कीपॅडला जुन्याचाच अ‍ॅड्रेस दिला की प्रोग्रॅमिंगला हात लावायची गरजच नाही. तो बघायचा कसा, तर पॅनलला वीज आल्यापासून ६० सेकंदांच्या आत १ आणि ३ एकदम दाबून धरायचं. आणि आमचं तर १ च मेलेलं! मग वरच्या बेडरूमच्या कीपॅडवर बघितलं, तिथे १७ आला, काही न बदलता * दाबून बाहेर पडलो. घरात कीपॅड दोनच, म्हणजे खालचा १६. एवढं गणित पुरे.

काम सुरू करायच्या आधी मॉनिटरिंगला फोन करून अकाउंट टेस्टवर टाकायला सांगा, म्हणजे मध्ये सिग्नल गेला तरी ते पोलिसांना कळवणार नाहीत. कितीतरी टाउनशिपमध्ये खोट्या अलार्मला दंड आहे आणि उगाच पोलिस दारात आले की शेजारी बघत बसतात. मग सिस्टिम डिसआर्म (अलार्म ऑफ) करा, कारण वीज परत आली की पॅनल आधी ज्या अवस्थेत होतं त्याच अवस्थेत उठतं.

वीज दोन ठिकाणची काढायची, भिंतीतला ट्रान्सफॉर्मर आणि डब्यातली १२ व्होल्टची बॅटरी. हा ट्रान्सफॉर्मर बहुतेक घरांत आउटलेटच्या मधल्या स्क्रूने पक्का केलेला असतो, आणि तो स्क्रू सुटला की पत्र्याची पट्टी खाली घसरून पिनांना लागू शकते, ठिणगी उडते. म्हणून आधी त्या सर्किटचा ब्रेकर पाडा, हे अजिबात टाळू नका. कीपॅडच्या वायरी १२ व्होल्टच्या, त्यांनी शॉक बसत नाही, पण बॅटरीची दोन टोकं एकमेकांना लागू देऊ नका, लेड-अ‍ॅसिड आहे ती. आणि डबा उघडलाच आहे तर बॅटरीवरची तारीख बघून घ्या, चार-पाच वर्षं झाली असतील तर तीही बदला.

वायरिंगचं फार काही नाही. खालच्या खाचेत चपटा स्क्रूड्रायव्हर घालून पुढचा भाग सोडवायचा, फोटो काढायचा, लाल प्लसला, काळी मायनसला, हिरवी आणि पिवळी डेटाच्या. काही घरांत पिवळीच्या जागी पांढरी असते, म्हणून रंगावर नाही तर फोटोवर विश्वास ठेवायचा.

वीज चालू केली की लगेच नव्या कीपॅडवर १ आणि ३ दाबून १६ टाकायचा, आधी दशकाचा आकडा मग एककाचा. चुकीचा अ‍ॅड्रेस राहिला तर स्क्रीनवर ‘ओपन सर्किट’ असं येतं आणि माणूस घाबरून वायरी तपासत बसतो, वायरी ठीकच असतात. सुरुवातीला ‘बिझी स्टँडबाय’ दिसेल, मिनिटभर थांबा. मग कोड आणि ५ दाबून टेस्ट मोडमध्ये एकेक दार-खिडकी उघडून बघितली, प्रत्येक उघडली की कीपॅड वाजतो. सगळं झाल्यावर मॉनिटरिंगला परत फोन, टेस्टवरून काढा म्हणून.

हे करताना बायकोने विचारलं, कोड जर त्या डब्यातच राहतात तर आधीच्या घरमालकांचे पण असतील की. बरोबर होतं तिचं. त्यांचे, त्यांच्या क्लीनिंगवालीचे, कोणाकोणाला दिलेले असतील देव जाणे. मास्टर कोड (घरमालकाचा मुख्य कोड) टाकून ८ दाबायचं, त्यावर ‘कोड’ असंच लिहिलेलं असतं, मग ज्याचा कोड बदलायचा त्याचा युजर नंबर आणि नवा कोड. मास्टर कोडपासून सुरुवात करून त्या संध्याकाळी एकेक नंबर घेऊन सगळे बदलून टाकले.