तुळस हलली नाही पाहिजे

दिंडीने सोलापूर सोडलं की सीना नदी ओलांडेपर्यंत सगळ्यांचीच पावलं भराभर पडतात. अंगात जोर असतो, टाळ-मृदंगाचा ठेका असतो. तिऱ्ह्याच्या पुढे मात्र एकेकाचा हात नडगीकडे जायला लागतो.

कॉलेजात मी चालण्याच्या शर्यतीत उतरायचे, त्यामुळे वारीत नाम घेता घेता नजर लोकांच्या पायांवर जातेच. त्या शर्यतीचे मुख्य नियम दोन. एक ना एक पाऊल सतत जमिनीला टेकलेलं हवं. ते पंच नुसत्या डोळ्यांनी पाहतात, कॅमेऱ्याचा पुरावा धरत नाहीत. आणि पुढे टाकलेला पाय जमिनीला लागल्यापासून अंगाखाली उभा येईपर्यंत गुडघ्यात सरळ राहिला पाहिजे. मग टाच आपोआप आधी टेकते, वजन तळव्याच्या बाहेरच्या कडेने चवड्यावर येतं आणि शेवटी अंगठा मागे रेटा देतो. कंबर वळते म्हणून ही चाल अनेकांना विचित्र वाटते. मला ती फार देखणी वाटते. प्रियांका गोस्वामीने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत याच चालीवर १०,००० मीटरचं रौप्यपदक मिळवलं.

वारीत एवढा वेग कशाला हवा? पण टाचेचं तंत्र जरूर घ्यावं. टाच टेकल्यावर पंजा हळूहळू खाली सोडायचं काम नडगीवरचा स्नायू करतो. लांब ढांगा टाकल्या की त्याच्यावर ताण वाढतो, तो थकतो आणि पंजा फटकन आपटायला लागतो. आमच्यातल्या एका तरुण पोराचा हा आवाज मला मागून ऐकू येत होता. सैल चप्पल असेल तर आणखी त्रास, कारण ती धरून ठेवायला बोटं सारखी आवळलेली राहतात.

त्याला मी नियम सांगत बसले नाही. पुढे डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या मावशी चालल्या होत्या, त्यांच्याकडे बोट दाखवलं. मान ताठ, पाऊल आखूड, टाच अलगद, गुडघा अंगाखाली सरळ. शर्यतीतला कसलेला खेळाडू पाहावा. त्याचं डोकंही असंच एका पातळीत पुढे सरकतं. अंग प्रत्येक पावलाला वर-खाली झालं की ताकद वाया जाते, आणि मैलोनमैल चालणाऱ्याला ते परवडत नाही.

कामतीच्या विसाव्याला त्याने मावशींनाच विचारलं.

"मला काय ठावं बाबा," त्या म्हणाल्या, "तुळस हलली न्हाई पायजे, एवढंच बघायचं. बाकी पाय बघून घेतेत."

माझ्या मते चालण्याबद्दल याहून नेमकं कुणी सांगितलेलं नाही.

टाचेचं हे तंत्र मात्र डांबरावरचंच. गर्दी टाळायला रस्त्याच्या कडेला, पावसाने भिजलेल्या काळ्या मातीत उतरलात तर टाच आधी टेकवू नका, सरकते. तिथे अख्खा तळवा ठेवायचा आणि पाऊल आणखी आखूड करायचं. माचणूरला भीमेच्या घाटाकडे उतरतानाही तेच.

मंगळवेढ्याहून निघताना तो पोरगा रांग सोडून मावशींच्या मागे येऊन उभा राहिला. "मावशी, पंढरपूरपर्यंत माझ्या पुढंच चाला."

"चल की माउली," त्या म्हणाल्या, "पण तुळशीवर नजर ठेव, माझ्या पायांवर नको."