काठाच्या ओढणीचा आयताकृती श्रग

श्रगसाठी, म्हणजे ड्रेसवर घालायच्या पुढून उघड्या जॅकेटसाठी, कापड घेताना आधी त्याची उलट बाजू बघा. या श्रगला वेगळी कॉलर नसते. मानेवरचं कापडच बाहेर वळतं आणि पुढे दोन्ही बाजूंना कॉलरसारखं पडतं, म्हणजे छातीवर दिसते ती कापडाची उलट बाजू. ब्लॉक प्रिंट तिथे फिकट, धुतल्यासारखं दिसतं. इकत, विणलेली चौकडी, रंगीत सुताचं साधं हातमाग कापड दोन्हीकडून जवळपास सारखं असतं, म्हणून तेच घ्यावं.

काठाची सुती ओढणी तर यासाठी फारच सोयीची. सव्वादोन मीटर लांब आणि ३६ इंच पन्ह्याच्या ओढणीत दोन श्रग बसतात. एक काठ मानेशी येतो, दुसरा खाली घेराला, त्यामुळे या दोन कडा दुमडायच्या राहतच नाहीत. जाड खादी मात्र नको, ती पाठीवर फुगून राहते. मलमल, रेयॉन, जॉर्जेट अंगावर छान पडतात.

नवीन सुती कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. नाहीतर पहिल्या धुण्यात मुंढाच, म्हणजे हात घालायची उघडी जागाच, आटतो.

मापं दोनच लागतात. हात आडवे पसरून एका कोपराच्या जरा वरपासून पाठीवरून दुसऱ्या कोपराच्या वरपर्यंत टेप धरा. हे माप ३६ इंच आलं तर शिलाईसाठी दोन्ही टोकांना पाऊण इंच धरून साडेसदतीस इंच कापड घ्या. दुसरं माप मुंढ्याचं: दंडघेराचा निम्मा अधिक २ इंच. दंडघेर १२ असेल तर कापडाच्या मधल्या घडीपासून ८ इंच उघडे ठेवायचे. आत पूर्ण बाहीचा ड्रेस घालणार असाल तर ९ ठेवा.

कापताना खडूच्या रेघेवर विसंबू नका. सुती कापडाचा एक आडवा धागा ओढून काढा आणि त्या फटीवरून कात्री चालवा. मग चौघडी करून कोपरे जुळतात का ते पाहा. आयत तिरका झाला की एक बाही पुढे वळते, आणि ते शिवून झाल्यावर सुधारता येत नाही.

आता सुलट बाजू आत ठेवून काठावर काठ येईल अशी घडी घाला. दोन्ही बाजूंना घडीपासून ८ इंचांवर खूण करा. टाचण्या काठाकडून लावत या आणि टीपही काठापासूनच सुरू करून खुणेपर्यंत मारा. उलट दिशेने शिवलं तर वरचा थर सरकून काठ एकमेकांच्या खालीवर होतात, आणि नेमके समोर दिसतात. १८ इंचांच्या घडीत मुंढ्याचे ८ गेले की १० इंचांची शिलाई उरते. श्रग पुढे किती झाकणार हे या शिलाईवर ठरतं. जास्त झाकायचं असेल तर कोपरापासून कोपरापर्यंतचं माप वाढवू नका, त्याने फक्त बाही लांबते. त्याऐवजी जास्त पन्ह्याचं कापड घ्या.

मार्जिन, म्हणजे शिलाईबाहेरचं कापड, दोन्हीकडे उघडून इस्त्री करा. पाऊण इंचातला पाव इंच आत दुमडा आणि काठापासून वर, मुंढ्याभोवती फिरून, पलीकडच्या मार्जिनवरून परत काठापर्यंत एकच सलग टीप मारा. इंटरलॉक नसलं तरी चालतं, धागे आतच राहतात.

श्रग हमखास उसवतो तो मुंढ्याच्या तळाशी. हात वर केला की सगळा ताण त्या एका टोकावर येतो. तिथे चार-पाच टाके मागेपुढे घ्या आणि शिलाईला आडवी अर्ध्या इंचाची टीप द्या. तरीही उसवत असेल तर दोष दोऱ्याचा नाही, मुंढा लहान पडलाय. अर्धा इंच उसवून तळ पुन्हा पक्का करा.

बिनकाठाचं कापड असेल तर वर-खाली एकेक इंच जादा घ्या. बाजू शिवून झाल्यावर संपूर्ण घेर दोनदा दुमडून सलग शिवा. मानेशी या पट्टीच्या दोन्ही बाजू दिसतात, म्हणून वरचा आणि बॉबिनचा दोरा एकाच रंगाचा ठेवा. जॉर्जेटला ११ नंबरची सुई, आणि कापताना खाली वर्तमानपत्र टाचून कागदासकट कापायचं. होजिअरीला बॉलपॉइंट (गोल टोकाची) सुई आणि बारीक झिगझॅग हवंच. साधी टीप कापडाबरोबर ताणली जात नाही, हात घालतानाच तुटते.