दुपारी साडेबाराला ओली पानं

आमची द्राक्षबाग तासगाव तालुक्यात. अण्णा बघतात, मी पुण्यात सर्व्हरची कामं करतो. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत पानांचा ओलावा मोजणारे चार सेन्सर बसवले, ते दावण्या (डाउनी मिल्ड्यू, केवडा) या द्राक्षावरच्या रोगासाठी. पानावर पाणी किती तास टिकलं यावर तो रोग लागणार की नाही हे बरंचसं ठरतं, आणि पाऊस नसला तरी पहाटेचं दवसुद्धा त्याला पुरतं. ओलाव्याचे तास मोजून मिळाले तर फवारणी अंदाजावर करावी लागत नाही. एका फवारणीला किती पैसे जातात हे बागायतदाराला सांगायला नको.

चारही सेन्सर एका गेटवेला, म्हणजे त्यांची रीडिंग गोळा करून पुढे पाठवणाऱ्या डब्याला, जोडलेले. तो दर पाच मिनिटांनी एक जेसन मेसेज (नाव आणि त्यापुढे किंमत अशा साच्यातला मजकूर) एमक्यूटीटी या मेसेज पोचवण्याच्या पद्धतीने घरातल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला पाठवतो. तिथे टेलिग्राफ हा एजंट बसवलाय. मेसेज वाचायचा, त्यातून मेट्रिक, म्हणजे मोजमापाची नोंद, काढायचं आणि इन्फ्लक्सडीबी या वेळेनुसार नोंदी ठेवणाऱ्या डेटाबेसमध्ये लिहायचं, हे त्याचं काम. आलेख ग्राफाना या आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे अण्णांच्या मोबाईलवर.

जेसनची रचना साधी आहे. वर गेटवेची वेळ, खाली सेन्सरची यादी. यादीतल्या प्रत्येकाला ओळखक्रमांक, तापमान, आर्द्रता आणि ओलावा. मी टेलिग्राफचा जुना जेसन पार्सर (मेसेज फोडून त्यातले आकडे काढणारा भाग) लावला, टॉपिक, म्हणजे मेसेज ज्या नावाखाली येतात ते नाव, दिला आणि एजंट सुरू केला. तापमान आलं, आर्द्रता आली. ओलावा आलाच नाही. लॉगमध्ये एरर नाही, वॉर्निंगही नाही.

कारण मेसेज उघडून बघितल्यावर सापडलं. तापमान नुसता आकडा होता, पण ओलावा अवतरणचिन्हांत होता. आपण वाचताना ७८ म्हणजे ७८च, पण जेसनच्या हिशेबी तो मजकूर झाला. जुना पार्सर फक्त संख्या उचलतो आणि त्या सगळ्या फ्लोट, म्हणजे दशांश चालणाऱ्या संख्या, करतो. मजकूर आणि खरं-खोटं या किमती, तुम्ही नाव घेऊन मागितल्याशिवाय, तो काही न बोलता सोडून देतो. कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलंय. तरीही मला वाटतं अशा गळतीची एक ओळ लॉगमध्ये यायला हवी. ज्या आकड्यासाठी सगळा खटाटोप केला नेमका तोच गायब होता.

मग घाईत चूक केली. ओलावा मजकूर-फील्ड (फील्ड म्हणजे नोंदीतली एक किंमत) म्हणून मागून घेतला. डेटाबेसमध्ये तो दिसायला लागला, पण मजकूर म्हणूनच, त्यामुळे सरासरी काढता येईना. टेलिग्राफचा प्रकार बदलणारा कन्व्हर्टर प्रोसेसर लावून त्याचा फ्लोट केला, तर इन्फ्लक्सडीबी त्या नोंदी घेईना: फील्डचा प्रकार जुळत नाही. एखाद्या शार्डमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या ठरावीक काळाच्या तुकड्यात, फील्ड एकदा मजकूर म्हणून नोंदलं गेलं की त्याच शार्डमध्ये तेच नाव संख्या म्हणून चालत नाही. पुढचा शार्ड उघडला की चालेल, पण मग एकाच नावाखाली अर्धा मजकूर आणि अर्ध्या संख्या होणार, आणि पुढची प्रत्येक क्वेरी त्यात अडकणार. मी ते मेजरमेंटच, म्हणजे त्या नोंदींचा सगळा तक्ताच, काढून टाकलं. दोन दिवसांचाच डेटा होता, गेला तर गेला.

दुसरी अडचण यादीची. जुना पार्सर यादी सपाट करताना नावात अनुक्रमांक घालतो, म्हणजे पहिल्या सेन्सरचा ओलावा 'शून्य' क्रमांकाचा, दुसऱ्याचा 'एक' क्रमांकाचा. एके दिवशी विहिरीकडच्या सेन्सरची बॅटरी उतरली. गेटवेने त्याला यादीतून वगळलं आणि खालचे तिघे एकेक पायरी वर सरकले. आलेखात विहिरीकडच्या रेषेवर बांधाकडचे आकडे यायला लागले. ती रेषा कुठे तुटली नाही, त्यामुळे संशयही आला नाही. त्यानंतर पार्सरला थेट यादीच वाचायला लावली आणि ओळखक्रमांक टॅग केला, म्हणजे नोंद कुणाची हे सांगणारं लेबल. आता प्रत्येक सेन्सरची वेगळी नोंद होते, यादीत तो कितवा आहे याने फरक पडत नाही.

पण थेट यादी वाचली की तिच्या वरची वेळ हातातून सुटते. वेळ मिळाली नाही की टेलिग्राफ मेसेज पोचल्याची वेळ लावतो. एरवी ते चालून जातं. पण रात्री लाईट गेली की राउटर आणि रास्पबेरी पाय दोन्ही बंद, गेटवे मात्र बॅटरीवर चालू. तो रीडिंग साठवून ठेवतो आणि लाईट आली की एकदम पाठवतो. दोन तासांची चोवीस रीडिंग एकाच मिनिटावर जाऊन बसली. आम्हाला मोजायचे होते तास, आणि तेच पुसले गेले.

म्हणून टेलिग्राफच्या २०२१मधल्या १.१९ आवृत्तीत आलेला नवा पार्सर घेतला, जेसन व्ही टू. त्यात वेळेचा मार्ग वेगळा देता येतो, यादीचा वेगळा, आणि ओलावा फ्लोट म्हणूनच घ्यायचा हेही तिथेच सांगता येतं. कन्व्हर्टर काढून टाकला. वेळेचा साचा मात्र गो या प्रोग्रॅमिंग भाषेच्या पद्धतीने द्यावा लागतो. वर्ष-महिना-दिवसाची अक्षरं चालत नाहीत, एक ठरलेला क्षण आपल्या तारखेच्या ढंगात लिहायचा: २००६-०१-०२ १५:०४:०५. महिना एक, तारीख दोन, दुपारचे तीन, मिनिटं चार, सेकंद पाच, वर्ष सहा. क्रम एकदा लक्षात आला की विसरत नाही.

सगळं जुळलं असं वाटलं. आठवड्याने मी गावी गेलो. संध्याकाळी ओसरीवर अण्णांना आलेख दाखवला. त्यांनी चष्मा वर करून मोबाईल डोळ्यांजवळ नेला, बोटाने रेषा सरकवली आणि विचारलं, "दुपारी साडेबाराला पानं वली? कुणाच्या बागंतली रं ही?"

मी म्हटलं, आपल्याच.

"दव साताला उडाय लागतंय. साडेबाराला मी सोता मांडवाखाली हुतो. पानं कोरडी ठणठणीत."

सात आणि साडेबारा. मधलं अंतर साडेपाच तास. गेटवे भारतीय वेळ लिहीत होता, पण ती कुठल्या टाइमझोनची हे मेसेजमध्ये कुठेच नव्हतं, आणि तसं नसलं की टेलिग्राफ ती यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ, धरतो. पहाटेचं सगळं दव आलेखात दुपारपर्यंत सरकलं होतं. 'शेवटचे सहा तास' लावल्यावर ताजी रीडिंग का दिसत नाहीत, हा प्रश्न मला दोनदा पडला होता, आणि दोन्ही वेळा मी नेटवर्कला दोष दिला होता. रीडिंग वेळेवर येत होती, पण भविष्यात जाऊन बसत होती.

ओसरीवरूनच रास्पबेरी पायमध्ये शिरलो, टाइमझोनच्या जागी एशिया/कोलकाता लिहिलं आणि एजंट पुन्हा सुरू केला. आधीचा आठवडा पुसला. अण्णांनी जेवण थांबवून ठेवलं होतं.

आता मी थेट एमक्यूटीटीवर प्रयोग करत नाही. एक खरा मेसेज फाइलमध्ये ठेवतो, फाइल वाचणारा इनपुट लावून टेलिग्राफ टेस्ट पर्यायाने चालवतो आणि स्क्रीनवर आलेली ओळ बारकाईने वाचतो: टॅग कोणते, फील्ड कोणती, शेवटचा टाइमस्टॅम्प घड्याळाशी जुळतो का. अवतरणचिन्हांतला ओलावा मी तिथे पहिल्याच मिनिटाला पकडला असता. एक सेन्सर वगळलेला मेसेजही त्याच फाइलशेजारी ठेवलाय, तोही चालवून बघतो.

शेवटी टेलिग्राफच्या एनम प्रोसेसरने (एका किमतीच्या जागी दुसरी घालणारा भाग) ओळखक्रमांकांच्या जागी नावं घातली. इन्फ्लक्सडीबीला देवनागरी चालते, त्यामुळे टॅगमध्येच 'विहिरीकडची', 'बांधाकडची', 'मधली', 'रस्त्याकडची' अशी नावं आहेत, अण्णा ज्या नावांनी त्या ओळी ओळखतात तीच.

परवा सकाळी साडेसहाला त्यांचा फोन आला. "बांधाकडची अजून वलीच दिसतीया. बाकी तिन्ही सुकल्या. मी जाऊन बघून येतो." वीस मिनिटांनी परत फोन. पानं ओलीच होती.