रातचं ऊन आणि हायमास्टखालचं सोयाबीन

सोमवार

माझ्या कादंबरीचा सातवा चॅप्टर काही हलून नाही राहिला. दिवसभर माझ्या ऑनलाईन फॉर्म भरायच्या सेंटरवर ई-पीक पाहणीची, म्हणजे वावरातल्या पिकाची मोबाईलवरून नोंद करायची गर्दी, शेवटची तारीख जवळ आली की अख्ख्या गावाला एकदमच आठवते, कोणाचा ओटीपी येत नाही, कोणाचा गट नंबर दिसत नाही, एक आजोबा तर पिकाचा फोटो म्हणून नातवाच्या वाढदिवसाचा फोटो पुढे करून राहिले होते. रात्री भांडी आवरून मोबाईलवर फाईल उघडली तर चौकातल्या देवीपुढे डीजे सुरू. चार ओळी लिहिल्या, तीन खोडल्या. झोपले.

मंगळवार

जे नवीन वाचून राहिले त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कादंबरीचं नाव सध्यापुरतं 'रातचं ऊन'. साल 2090 च्या आसपासचं, गाव आपल्या वाशिम जिल्ह्यातलंच, मंगरूळपीरच्या अलीकडचं समजा. एक कंपनी आकाशात आरसे सोडते आणि रात्री ऊन विकते, रिचार्ज मारला की तुमच्या शिवारावर उजेड. लोकांना वाटते मी हे हवेतून काढलं, पण रशियानं 1993 च्या फेब्रुवारीत खरंच केलेलं आहे हे, झ्नाम्या नावाचा 20 मीटरचा आरसा अंतराळात उघडला होता आणि त्याचा साधारण 5 किलोमीटरचा उजेडाचा गोल युरोपवरून सरकत गेला, पौर्णिमेच्या चांदण्याइतका. 1999 मध्ये मोठा आरसा उघडायला गेले तर तो यानाच्या अँटेनात अडकून फाटला आणि विषय तिथंच संपला.

आता आपल्याकडं हे कोणी विकत घेईल का, तर का नाही घेणार? मे महिन्यात पारा 45 च्या वर गेल्यावर अकरानंतर वावरात उभं राहून दाखवा. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर लाईन येते रात्रीची, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फावडं आणि पायाखाली काय वळवळते त्याचा नेम नाही. असा माणूस कर्ज काढून ऊन घेईल. इथपर्यंत कादंबरी मस्त चालली होती. सहाव्या चॅप्टरपर्यंत सगळे खुश, कंपनी खुश, सरपंच खुश, मजूरही खुश, आणि सगळेच खुश असले की गोष्ट मरते. माझी तिथंच मरून राहिली होती.

बुधवार

आज सेंटर अर्धा दिवस बंद ठेवलं, सोंगणीला मजूर कधी भेटतील ते पाहायला मामाजींसोबत, म्हणजे सासऱ्यांसोबत, फाट्याजवळच्या वावरात गेले. पूर्ण सोयाबीन पिवळं पडलेलं, पानं झडलेली, शेंगा हलवल्या की आतून खुळखुळ. आणि धुऱ्याच्या (बांधाच्या) बाजूची, फाट्यावरच्या हायमास्टखालची सात-आठ तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी, मात्र हिरवीकंच. बाकीचं झाड माझ्या गुडघ्याला, हे मांडीच्या वर. एक शेंग तोडून दाबली तर चपटी, आतले दाणे कोवळे, नखानं फुटणारे. एकच बियाणं, एकाच दिवशी पेरलेलं.

म्हणलं, पाणी साचलं असेल इकडं.

"पाण्याचं काय नाई त्याच्यात," मामाजी म्हणाले. "हा लाईट बसवला तवापासून दरसाल असंच हाय. याले रातच भेटत नाई. रात नाई भेटली त याले वाटते अजून लय टाईम हाय, कायले घाई करू. वाढतच राह्यते मंग."

"मग हे कधी सोंगायचं?"

"हे कायले सोंगता. ढोरायले टाकू."

आणि ते पुढे निघून गेले, मजूरवाल्याला फोन लावत. मी तिथंच उभी. डोक्यात सातवा चॅप्टर धडाधड उलगडत होता आणि लिहायला हातात काही नाही, मोबाईलची बॅटरी 4 टक्के. घरी येईपर्यंत वाक्यं विसरू नये म्हणून पुटपुटत चालले, वाटेत दोन जणींनी विचारलं, काय वं, उपास लागला का?

गुरुवार

रात्री एक वाजेपर्यंत वाचत बसले. मामाजी जे बोलले ते शास्त्रज्ञांनी 1920 मध्ये छापलेलं आहे. अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड या दोघांनी सोयाबीनचा बिलॉक्सी नावाचा वाण टप्प्याटप्प्यानं, काही आठवड्यांच्या फरकानं पेरून पाहिला तर फुलं मात्र सगळ्याला जवळपास एकाच वेळी आली. म्हणजे झाड स्वतःचं वय नाही, दिवस-रात्र मोजते. आणि त्यातही खरा हिशोब रात्रीचा, सलग अंधार किती मिळाला त्याचा. हा अंधार मधात तोडला की सोयाबीन फुलावर यायला उशीर करते. तुरीच्या जुन्या, उशिरा येणाऱ्या वाणांचंही तसंच. आणि कपाशी? आताच्या कपाशीच्या बहुतेक वाणांना दिवस लहान झाला काय नि मोठा झाला काय, फारसं सोयरसुतक नसते.

म्हणजे माझं गाव आपोआप दोन भागांत फाटलं. कपाशीवाले म्हणतील ऊन पाहिजे, सोयाबीन-तूरवाले म्हणतील बंद करा. भांडण मला लावायलाच लागलं नाही. (अमावास्येला कंपनीचा जास्तीचा रेट असतो हे आधीच लिहून ठेवलं होतं, तेही आता कामी येईल.)

दुपारी सेंटरवर आलेल्या एका काकूंना गोष्ट सांगितली तर म्हणाल्या, "वरचं आपल्याकडं कोठी येते वं, ते सारं तिकडं अमेरिकेत." म्हणलं, काकू, 2022 चा गुढीपाडवा आठवा, संध्याकाळी आकाशातून जळत-जळत काय गेलं होतं? चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीकडं लाडबोरीला त्या रात्री धातूची भलीमोठी रिंग येऊन पडली होती, रॉकेटचा तुकडा, नंतर इस्रोचे लोक पाहायला आले. काकू गप्प. मग म्हणाल्या, "हाव, आमचे हे म्हणे तारा तुटला." मग सातबारा घेऊन गेल्या.

शुक्रवार

काही नाही. सर्व्हर डाऊन, लोकांच्या शिव्या मला. संध्याकाळी कन्यापूजनाची पुरी-खीर.

शनिवार

आज एक शंका खात होती, की कंपनी इतकी हुशार आहे तर फक्त कपाशीच्या वावरावर उजेड पाडेल, शेजाऱ्याचं सोयाबीन सोडून. मग भांडण उरलं कुठं? कागद घेऊन बसले आणि सूर्यच मदतीला आला. सूर्य म्हणजे ठिपका नाही, आकाशात साधारण अर्ध्या अंशाची थाळी आहे, त्यामुळं आरशातून येणारा उजेड खाली येता-येता पसरतोच. 400 किलोमीटरवरून आरसा कितीही लहान लावा, खालचा गोल साडेतीन-पावणेचार किलोमीटरच्या आत येतच नाही. आमचं अख्खं शिवार आणि वरून शेजारच्या गावाचं थोडं, सगळं एकाच गोलात. आरसा छोटा केला तर उजेड कमी होतो, गोल तेवढाच. शिवाय त्या उंचीवरचा उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर पळतो, म्हणजे एक आरसा भागत नाही, एकामागून एक रांग लागते.

म्हणजे रिचार्ज एकाचा, ऊन सगळ्यांना. मला हे इतकं आवडलं की सासूबाईंना टॉर्च आणि पावडरच्या डबीचा आरसा घेऊन दाखवायला गेले. त्यांनी पाहिलं, "पीठ मळलं का?" म्हणाल्या.

जाता-जाता, दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन. माझ्या दुसऱ्या एका कथेतला असलाच हिशोबाचा पॅरा काढून टाकला म्हणे, वाचक कंटाळतात. मला नाही पटत. आपला वाचक क्विंटलमागं हमाली, तोलाई, कटती तोंडी हिशोब लावणारा आहे, त्याला अर्धा अंश झेपणार नाही? पण कथा छापून येतेय, म्हणून हाव म्हणलं.

रविवार

सातवा चॅप्टर झाला, आठवा अर्ध्यावर. आता खरी मजा आठव्यात आहे. सोयाबीनवाला नायक नुकसानभरपाई मागायला जातो आणि तलाठी पंचनामा करायला येतो. वावर हिरवंगार, झाडं कमरेएवढी, रोग नाही, अळी नाही, पाण्याचा ताण नाही. फॉर्मवर कारणं आहेत अतिवृष्टी, पुराचं पाणी, गारपीट, दुष्काळ, कीड. जास्तीचा उजेड असा कॉलमच नाही. हे मला शोधायला कुठं जावं लागलं नाही, असे फॉर्म मी रोज भरते, पीकविम्याची ती 72 तासांच्या आत कळवा वाली तक्रार भरतानाही लोक विचारायचे, ताई नुकसान कोणत्या तारखेला झालं टाकू, हळूहळू झालं ना ते. माझ्या नायकाचंही हळूहळूच झालंय, अख्खा ऑगस्ट रोज रात्री थोडं-थोडं.

तलाठी वाईट माणूस नाही, हे मी ठरवून टाकलं. त्याला खरंच मदत करायची आहे, तो बिचारा धुऱ्यावर बसून 'इतर' च्या रकान्यात काय लिहावं याचा विचार करतोय आणि वरून कंपनीची रात्रीची शिफ्ट सुरू व्हायला दहा मिनिटं उरलीत. तो काय लिहितो ते अजून मलाही ठरवता आलं नाही. मामाजींना विचारलं, ते म्हणाले, "रोग लिही. काहीबी झालं की रोगच लिहितेत." चांगलं आहे, पण तलाठ्यापेक्षा हे वाक्य नायकाच्या बापाच्या तोंडी जास्त शोभेल, तिथं टाकते.

उद्यापासून सोंगणी, मग सुडी, मग थ्रेशरचा नंबर. पुढच्या हप्त्यात लिहिणं होणार नाही बहुतेक. हायमास्टखालची तासं तेवढी राहू द्या म्हणून मजुरांना सांगून ठेवलं, मला अजून एकदा रात्रीची जाऊन पाहायची आहेत.